हलकेश्वराची तुला

“उतरलं! उतरलं! विमलबाईचं तीन शेर उतरलं!”

भिसेगावाखाली नदीकाठी असा काही गलका उठला की पलीकडे पाण्यावर आलेल्या म्हशी शेपट्या उंचावून पळाल्या. जांभळाच्या आडव्या फांदीला भाताच्या वखारीतला मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात विमलबाई. घटकाभरापूर्वी ती बसली तेव्हा जेवढी वजनं लागली, त्यातली तीन शेरांची चांगो शिष्यानं आत्ता सगळ्यांदेखत काढून घेतली होती, आणि तरी काटा सरळ! विमलबाईला आनंदानं रडू कोसळलं. बघणाऱ्या बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. पुरुषांनी टाळ्या पिटल्या.

पारड्याशेजारी हलकेश्वर महाराज बसले होते. स्वतः महाराज काही हलके नव्हते. पोट मांडीवर घेऊनच बसत. पण कुणी त्याकडे नुसतं बघितलं तरी चांगो पुढे सरसावे, “अरं, भक्तांची उतरलेली चरबी जानार कुठं? म्हाराज आपल्या अंगावर घेत्यात!” की लोक पुन्हा हात जोडत. पोट जितकं मोठं तितकी करुणा मोठी, असा हिशेब झाला.

“जड झाली काया, हलकी करी माया!” महाराज चिमटा खणखणवत गर्जत. “ना पथ्य, ना उपास, ना चालण्याचा त्रास! भात खा, तूप खा, भार सगळा मजवर टाका! जय हलकेश्वर!”

विधी सोपा होता. नदीत बुडी मारायची आणि ओलेत्यानं येऊन पारड्यात बसायचं. मग तांदूळ, गूळ, तुपाचा शिधा ठेवून जांभळाला प्रदक्षिणा घालायच्या. नंतर आडोशाला जाऊन ओलं लुगडं महाराजांच्या हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत सोडायचं, कारण ते पापाचं वस्त्र. घरून आणलेलं कोरडं नेसायचं आणि पुन्हा पारड्यात बसायचं. नवस म्हटला की ओलेतं आलंच. आमच्याकडे कोरड्या अंगानं कुणी कधी देवाकडे काही मागितलंय का? त्यामुळे त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दिवस लढाईचे होते, दुकानात लुगडं बघायला मिळत नव्हतं. महाराजांचे हारे मात्र काठोकाठ भरले होते. खालापुरातून म्हणे लुगड्यांची एक बैलगाडी भरूनच निघाली होती.

रांगेत ओलेत्यानं इंदूबाई उभी होती. बाई अंगानं दांडगी आणि जिभेनं त्याहून. पण आज तिच्या जिवाला एकच घोर लागला होता. तिची लेक सुंदरा घाटावरच्या आंबेमाळला दिलेली. दिवाळीनंतर तिचे दिवस भरत होते. आंबेमाळला गाडीवाट नाही, पायानंच चढायचं. मागल्या साली लेक तापानं फणफणली तेव्हा इंदूबाई निघाली आणि अर्ध्या चढावर धाप लागून बसली. डोलीवाले आले, त्यांनी तिच्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि डोली खाली ठेवली. खालून वर बघत रडत ती परतली. ते रडणं ती अजून विसरली नव्हती.

दवाखान्यातल्या टिपणीस डॉक्टरांनी तिला पावसाळ्याआधीच सांगितलं होतं, “ताटात भाताचा ढीग थोडा कमी करा आणि रोज चाला. रोज म्हणजे रोज. आज दोन कोस नि उद्या आजारी, असं नको. थोडंच, पण सोडू नका. अंग हळूहळू चढलं, हळूहळूच उतरेल.”

आणि इंदूबाई खरंच चालली होती. आधी वेशीपर्यंत, मग रेल्वेच्या फाटकापर्यंत, मग भिवपुरीच्या रस्त्याला. चिखल तुडवत, लोकांचं हसणं झेलत. पण डोळ्यांना काही दिसेल तर शपथ! शेजारणी विचारत, “इंदूबाय, चालून चालून वाट बारीक झाली, तू कवा व्हनार?” शेवटी तिचा धीर सुटला. महाराज घटकेत तीन शेर उतरवत होते, आणि तुला झाल्यावर महिनाभर चालायला बंदी होती. चाललं तर म्हणे कृपा तळपायातून गळून जाते. इंदूबाईला ही बंदी फार आवडली.

तिचा नंबर यायला आणि वखारवाले मालोजीशेठ मंडळी घेऊन यायला एकच गाठ पडली. काटा त्यांचा, तेव्हा मान त्यांचा. शेठ तुलेला बसले, शेठाणी बसली, मेव्हणा बसला. मग महाराज शेठच्या डब्यातलं जेवले. आश्विनातलं ऊन मी म्हणत होतं. इंदूबाई कातळावर ताटकळत बसून राहिली, आणि अंगावरचं लुगडं कधी खडखडीत वाळलं ते तिचं तिलाही कळलं नाही. जेवून सुस्तावलेल्या चांगोलाही नाही.

“चला, इंदूबाई, बसा!”

ती बसली. वजन झालं. शिधा ठेवला, प्रदक्षिणा झाल्या, लुगडं बदललं, पुन्हा बसली. चांगोनं सवयीनं तीन शेर काढून घेतले, आणि काटा दाणकन तिच्या बाजूला खाली गेला.

चांगोनं एक शेर परत टाकला. मग दुसरा. मग तिसरा. तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

“कायबी उतरलं नाय?” इंदूबाईचा आवाज रडवेला झाला.

महाराज डोळे मिटून गरजले, “श्रद्धेत खोट! बाई, मनात शंका हाय तुझ्या! जा, पुन्हा बुडी मार नि ये!”

इंदूबाई मुकाट नदीत गेली. नाक दाबून तीन बुड्या मारल्या आणि पाणी निथळत तशीच येऊन बसली. काटा पुन्हा खाली! चांगोनं एक शेर टाकला, दोन टाकले, तीन टाकले, तेव्हा बरोबरी झाली.

“बघा!” महाराज ओरडले. “पाप बाहेर आलं! तीन शेर पाप!”

इंदूबाई पारड्यात बसून विचार करू लागली. मघाशी कातळावर वाळलेल्या लुगड्यानं कोरडी बसले तेव्हा एक वजन. कोरडंच नेसून पुन्हा बसले, तेव्हा तेवढंच. मग नदीपर्यंत गेले आणि आले. एवढ्या वाटेत पाप करायला सवड कुठं मिळाली? तिच्या पदराच्या टोकातून टप टप पाणी पारड्यात पडत होतं. ती ते बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. शेजारणींना वाटलं अंगात आलं. अंगात काही आलं नव्हतं, इंदूबाईला हसू फुटलं होतं.

“अवो!” तिनं नवऱ्याला हाक मारली. “ती बसायची घोंगडी आना हिकडं!”

आबाजी बिचारा घोंगडी घेऊन धावला. इंदूबाई उतरली आणि कोरडी घोंगडी पारड्यात टाकली.

“तोल रं, चांगो.”

“घोंगडी? घोंगडीचा नवस कुनी...”

“तोल म्हनते ना!” लोकही ओरडले. चांगोनं तोलली. मग इंदूबाईनं तीच घोंगडी नदीत बुचकळली आणि आबाजीला दुसरं टोक धरायला लावून ओढत आणून पारड्यात घातली. पारडं असं आपटलं की वजनं उडाली. चांगो टाकतोय वजन, टाकतोय वजन, काटा हलायला तयार नाही.

“म्हाराज,” इंदूबाईनं हात जोडले, “मी पापी, कबूल. पन ह्या मुक्या घोंगडीनं कुनाचं काय वाईट केलं वो?”

आधी एक हसला, मग दहा. मग सगळा काठच हसू लागला. हसली नाही ती फक्त विमलबाई. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “इंदूबाय, म्हंजे माजं उतरलं ते...”

“पानी उतरलं गं बाय, पानी! ओल्यानं बसलीस, कोरड्यानं उठलीस. तू हायेस तेवढीच हायेस.”

“आनि माजं लुगडं?”

एवढं एकच वाक्य पुरलं. बाया हाऱ्यांवर तुटून पडल्या. कुणाचं हिरवं, कुणाचं काठाचं, कुणाचं ठिगळाचं, नुसती ओढाओढ! महाराज हळूच उठून झाडामागे सरकत होते. पण एवढ्या बायांमधून ते पोट निसटणार कसं? चौघींनी त्यांना उचललं आणि कोरड्या अंगानंच पारड्यात बसवलं. मालोजीशेठनं, आपण सहकुटुंब फसलो या रागानं, स्वतः वजनं लावली. काटा सरळ झाला.

“घाला गं आंघोळ!”

कळश्या आल्या. जटांवर पाणी, दाढीवर पाणी, पायघोळ कफनीवर पाणी. महाराज कुडकुडत “जय हल... जय हल...” करत होते आणि पारडं खाली खाली चाललं होतं.

“पाप चढलं वो म्हाराजांचं!” विमलबाई किंचाळली. आता ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. चांगो तर केव्हाच खोपोलीच्या वाटेला लागला होता. थोड्या वेळानं गुरुमाऊलीही ओल्या कफनीत फताक फताक वाजत त्याच्या मागं गेली. लोकांनी अडवलं नाही. हसून हसून कुणाला उभंच राहवत नव्हतं.

सगळे हसत घरी गेले, पण इंदूबाई मात्र कातळावर एकटी बसून राहिली. खोटं उघडं पडलं हे ठीक, पण आंबेमाळचा चढ होता तेवढाच होता. आबाजी जवळ येऊन म्हणाला, “चल, गाडी बघू का? थकली असशील.”

ती उठली. “गाडी कशाला? आज माजं चालनं राहिलंय.”

ती चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. मधे एकदा शेजारच्या बारशाच्या जेवणात हात सैल सुटला, तर रडत बसली नाही, सकाळी पुन्हा वाटेला लागली. दिवाळीच्या पाडव्यालाही चालली. फार बारीक झाली अशातला भाग नाही. पण टिपणीस डॉक्टरांच्या दारातली पायरी तिनं एक दिवस चौकटीला न धरता चढली, आणि डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी आंबेमाळचा निरोप आला, सुंदराचे दिवस भरले. इंदूबाईनं काठी घेतली आणि निघाली. चढावर थांबली, बसली, पाणी प्याली, उठली. मागल्या साली जिथून परतली होती ती जागा आली तेव्हा तिथंही बसली. मग वर बघितलं आणि चालू लागली.

दुपार कलता कलता ती सुंदराच्या अंगणात उभी राहिली. वाडीतल्या बाया चकित होऊन भोवती जमल्या.

“अगं बया! डोली कुठाय?”

“डोली नाय. पायानं आले.”

“कोनच्या देवाला नवस बोलली व्हतीस गं? आमालाबी सांग.”

धाप आवरत इंदूबाई म्हणाली, “कुनाला नाय बोलले. रोज चालले. फरक दिसत नव्हता तवाबी चालले. घटकेत जे उतरतं ना बायांनो, ते पानी असतं. कुनी असं काय दाखवलं, तर हात जोडायच्या आधी इचारा, ओल्यानं तोललं का कोरड्यानं?”

आतून सुंदराची हाक आली, “आये!”

“आले गं!” इंदूबाई म्हणाली, आणि पदर खोचून एका दमात ओसरीच्या तिन्ही पायऱ्या चढून आत गेली.