मधल्या सतरंजीवर

नेकनूरच्या विहारासमोर जयंतीला माईक-स्पीकरचा आवाज लावायचा तो शहादेवनंच, असा कैक वर्षांचा रिवाज. यंदा कमिटीनं ते काम समाधानला दिलं आणि शहादेवच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

समाधान त्याच्याच भावकीतला, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. आवाज म्हणजे काय, हे शहादेवनंच त्याला पाण्याच्या हौदाशी उभं करून शिकवलं होतं. आधी दोन्ही हातांनी पाणी एकदम दाबायला लावलं. दोन लाटा मधोमध भेटल्या आणि दुप्पट उसळल्या. मग एक हात दाबायचा, त्याच वेळी दुसरा उचलायचा. एका लाटेचा फुगवटा दुसरीच्या खळग्यात पडला आणि मधलं पाणी गपगार.

"स्पीकरचा पडदा बी असाच हवा ढकलतो न् वढतो," शहादेव म्हणाला होता. "एका पेटीची तार उलटी लागली, की एक ढकलनार, दुसरी वढनार. मधी बसल्याला निस्तं फुसकं ऐकू येतं."

तेव्हा समाधाननं कानाची पाळी धरून त्याला 'उस्ताद' म्हटलं होतं. आता त्याच्या पेट्या नव्या, लग्नाच्या सुपाऱ्या थेट बीडपर्यंत. एवढंही शहादेवनं पचवलं असतं. पण परवा त्याची लेक पौर्णिमा जेवताना म्हणाली, "बाबा, समाधानकाकाच्या माईकवर माझा आवाज लई गोड येतो." तो घास काही त्याला गिळवेना.

जयंतीच्या दुपारी समाधाननं आवाज तपासला. खणखणीत होता मेला! तो चहाला गेला, तसा शहादेव उजव्या पेटीमागं शिरला आणि लाल तारेच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल खोचून आला. मधल्या खुर्च्या कमिटीच्या. बाजूच्यांना काही कळणार नाही. समाधानचं मशीन स्टेजच्या कडेला, म्हणजे त्यालाही नाही. फुसकं ऐकू येईल ते फक्त कमिटीला. पुढच्या वर्षी येतील मुकाट्यानं आपल्या दारात, असं म्हणत त्यानं घरी जाऊन आंघोळ केली आणि इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला.

उन्हं कलल्यावर सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. शहादेव कडेला उभा राहिला आणि बघतो तर मधल्या खुर्च्याच नाहीत. कमिटी डाव्या बाजूला बसलेली. मधोमध सतरंजी, तिच्यावर पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या आणि सगळ्यांत पुढं त्याची आई, भामाबाई.

"खुर्च्या कुनी हलवल्या?" त्यानं शेजारच्या बिभीषणला विचारलं.

"समाधाननं. म्हनला, म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं, आवाज मधी चांगला जमतो, त्यास्नी मधी बसवा. लई मायाळू पोरगं हाय बे."

शहादेवला आधी भीती वाटली नाही, रागच आला. हा चांगुलपणासुद्धा यानंच करावा?

तेवढ्यात पौर्णिमा गायला उभी राहिली. कडेला तिचा आवाज स्वच्छ येत होता. भामाबाई मात्र पोरीच्या तोंडाकडं टक लावून बसली होती, आणि शेजारणी टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवत होती. शहादेव वाकत वाकत तिच्याजवळ गेला. मधोमध पोचला, तसा लेकीचा आवाज पातळ होत होत विरूनच गेला.

भामाबाईनं त्याचं मनगट धरलं. "शहादेवा, गेलं रं माझं कान. पोरगी गातीय, तोंड हलताना दिसतंय, पन शबुद कळंना. पोरीला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

भरल्या सभेतून शहादेव पेटीकडं धावला. लोक बघत होते, बघू देत. त्यानं उजव्या पेटीची तार उपसली, पेटी मुकी झाली आणि मागून आईची हाक आली, "आलं! आलं!" एकमेकींशी भांडणाऱ्या दोन पेट्यांपेक्षा एकटी बरी, हेही त्यानंच समाधानला शिकवलं होतं. तो लाल-काळी सरळ करायला लागला, तोवर समाधान येऊन उभा राहिला.

त्यानं तारांकडं पाहिलं. मग शहादेवकडं पाहिलं. हौद दोघांनाही आठवला असणार. त्यानं बॅटरीचा उजेड धरला.

शेवटचं कडवं दोन्ही पेट्यांतून भरून आलं. भामाबाई डोळे पुसत डोलत होती. गाणं संपल्यावर समाधाननं माईक घेतला. "तार सुटली होती. आमच्या उस्तादांच्या ध्यानात आलं, म्हनून बरं झालं. त्यांच्यासाठी टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. भामाबाई शेजारणीला सांगत होती, "माझ्या लेकानं कान दिलं मला." शहादेव मान खाली घालून उभा राहिला. लाज तर वाटतच होती. पण तिच्याहून जास्त जळत होतं ते वेगळंच. खोटंसुद्धा समाधान त्याच्यापेक्षा चांगलं बोलला होता.