धुक्यातली हाक

आमच्या ह्यांना एका कानानं ऐकू येत नाही, आणि दुसऱ्यानं ते हवं तेवढंच ऐकतात. तरी डोंगर बघायला येणारी माणसं वाटाड्या म्हणून त्यांनाच मागतात. बैलाएवढी एलंड हरणं कुठे चरताहेत आणि दाढीवाली गिधाडं कोणत्या कड्यावर बसतात, हे त्यांना घरबसल्या कळतं.

त्या दिवशी डर्बनचं एक जोडपं आलं होतं. मुक्काम वरच्या गुहेत होता, म्हणून मी आणि आमची नवी सून नोमालांगा मक्याचं पीठ नि घोंगड्या डोक्यावर घेऊन मागून चाललो होतो. वाटेत मी तिला बजावत होते.

"सासऱ्याचं नाव चुकूनही तोंडात येता कामा नये. पूर्वज रागावतात. माझ्या जावेनं घेतलं, तर तिला माहेरी जाऊन दंडाचा बकरा आणावा लागला."

"आणि तुम्ही, आई? तुम्ही कधी घेतलंत नवऱ्याचं?"

"लग्नापासून एकदाही नाही."

"एकांतात पण नाही?"

"चाल गुमान. चढावर बडबडू नये."

खिंडीपलीकडच्या गवतात एलंड उभी होती. पाहुण्यांना खाली बसवून हे वाऱ्याची दिशा बघायला पुढे गेले. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. हरणं दिसेनाशी झाली, डोंगरही गेला. ह्यांची लाल टोपी तेवढी दिसत होती, आणि ती सरळ कड्याकडे चालली होती.

"बाबा, थांबा," पाहुणे ओरडले. सूनही ओरडली. पण सकाळपासून 'बाबा, हा पक्षी कुठला' आणि 'बाबा, हे फूल बघा' चाललेलं. टोपी वळलीसुद्धा नाही; 'आलोच' म्हणाले आणि पुढे निघाले. मी तोंड उघडलं. नाव घशातच अडकलं. माझा माणूस डोळ्यांदेखत मरायला चालला होता आणि माझी जीभ हलेना.

"वुसुमुझी!"

नोमालांगाचा आवाज कड्यावर आपटून परत आला. टोपी थांबली.

हे परतले तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. अजून दोन पावलं टाकली असती तर खाली दरीच होती, म्हणाले. सून गाठोड्याआड मान खाली घालून बसली होती.

"हाक कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

सुनेनं मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. "आणि बकऱ्याचं म्हणाल, तर माझ्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही. तो तुम्हालाच आणावा लागेल."

हे हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन बसले. "आई गेल्यापासून नावानं हाक मारणारं कुणी राहिलंच नव्हतं गं," म्हणाले. मग हळूच, "परत मार की एकदा."

पाहुणे बघत होते, सून बघत होती. या वयात मला नव्या नवरीसारखी लाज वाटली. पण मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं.