तिच्या दोन ओळी

“आमच्याकडे एक मुलगी आहे, ती भरून देईल, काका. नायिकेचेच संवाद राहिलेत ना?”

संपादकबाईंनी हे इतक्या सहज विचारलं, की नानांच्या हातातला कप बशीत टेकायचा राहिला.

“भरून देईल म्हणजे? खड्डा आहे का तो?”

बाई हसल्या. नानांच्या जुन्या प्रेमकादंबऱ्यांपैकी सहा पुन्हा काढायचं त्यांच्या प्रकाशनानं ठरवलं होतं, आणि न छापलेली एखादी मिळाली तर तीही हवी होती. ती होती. समोरच्या कपाटात चार वर्षं पडून होती. पण ती अपुरी होती आणि नाना काही केल्या ती द्यायला तयार नव्हते.

त्याचं कारण सांगायचं तर बरंच मागं जावं लागतं. नाना पाणीपुरवठा खात्यात कारकून. दिवसभर ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने’ लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन प्रेम लिहायचं. पहिल्या कादंबरीतला नायक झकास उतरला, पण नायिकेनं तोंड उघडलं की खात्याचं पत्र बाहेर पडायचं. ‘आपल्या भावनांची मी नोंद घेतली आहे,’ असं ती चक्क बागेत, चांदण्यात म्हणाली होती. बायकोनं ते पान वाचलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, ही प्रेम करतेय की नळ तोडायला आलीय?”

“मग तू सांग, काय म्हणेल ती.”

“सांगत नाही. जागा सोडा, लिहीन.”

त्या दिवसापासून रीत पडली. नानांनी नायकाचं बोलणं लिहायचं, खाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि वही स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवायची. बायको कामं उरकता उरकता पेन्सिलीनं त्या ओळी भरायची. भरून झाली की वही नानांच्या टेबलावर येऊन पडायची. अशा बावन्न कादंबऱ्या झाल्या. मुखपृष्ठावर कधी न जन्मलेल्या एका बाईचं नाव असायचं, त्यामुळे श्रेयाचं भांडण नव्हतं. एकदा पाच वर्षांनी परतलेल्या नायकाला दारात बघून नायिका म्हणाली, ‘आधी पाय पुसा.’ नानांना वाटलं, झालं, घात केला हिनं. त्या तीन शब्दांसाठी वाचकांची पोतंभर पत्रं आली.

काय दिवस होते ते! नाना कचेरीतून परतताना दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. आज काय म्हणाली असेल ती? एवढी हुरहूर त्यांना लग्न ठरल्यावरही लागली नव्हती. प्रत्यक्षात मात्र दोघांचं बोलणं गॅस, किल्ल्या आणि डॉक्टरची तारीख यांच्यापुढं जात नसे. गोड बोलायचं काम वहीकडे सोपवलेलं. हे काही बरं नाही, उठावं, आत जावं आणि बोलावं, असं नानांना अधूनमधून वाटायचं. पण जाऊन म्हणायचं काय, इथंच गाडी अडायची.

शेवटची वही त्यांनी डब्याशेजारी ठेवली तेव्हा बायको थकली होती. वही टेबलावर आलीच नाही. आठ दिवस ती डब्याशेजारीच दिसत होती. दमलीय बिचारी, आपण तगादा लावू नये, असं नानांनी मनाशी ठरवलं. नवव्या दिवशी तिला इस्पितळात न्यावं लागलं, आणि ती परत आली नाही. ती वही त्यांनी न उघडताच कपाटात ठेवून दिली. त्या मोकळ्या ओळी बघायची त्यांची छाती झाली नाही.

“तिची वाक्यं दुसऱ्या कुणी लिहायची नाहीत,” नाना म्हणाले. “पुस्तक नाही निघालं तरी चालेल.”

“बरं, राहिलं. नुसती बघू तरी द्या.”

नानांनी वही काढून दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. बराच वेळ पानं उलटत होती, मग ती थांबली.

“काका, ही तर पूर्ण आहे.”

“छे! कसं शक्य आहे?”

“अहो, शेवटच्या पानापर्यंत लिहिलंय. पेन्सिलीनं.”

नानांनी वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. तेच बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. शेवटच्या पानावर नायक विचारत होता, ‘सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं झालं, तर मलाच होकार देशील?’ हे एक वाक्य जमेपर्यंत आपण पाच कागद फाडले होते, ते नानांना आठवलं. त्याच्याखाली लिहिलं होतं :

‘देईन. पण हे तो विचारतोय की तुम्ही? तुम्ही विचारत असाल, तर वहीतून नको. वही मी बाहेर आणून ठेवणार नाही. आत या आणि विचारा.’

नानांनी ते तीनदा वाचलं. म्हणजे आठ दिवस ती वाट बघत होती. आठ दिवस ते पाणी प्यायला आत जात होते, वहीकडे बघत होते, तिच्याकडे बघत होते आणि भांडं पालथं घालून बाहेर येत होते. गाढव, नाना स्वतःला म्हणाले, बावन्न कादंबऱ्या लिहिलेलं गाढव.

जरा वेळानं बाईंनी हळूच विचारलं, “काका, हे छापायचं कसं?”

“‘देईन’ एवढंच घ्या. पुढचं कादंबरीतलं नाही.”

मग ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. “बसा तुम्ही, आलोच,” असं म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा होता. सकाळचं ऊन फरशीवर पडलं होतं. जिथं उभी राहून ती लिहायची, त्या जागेसमोर ते उभे राहिले. नायकाचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, पण ते आता जिभेवर येईना. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

“अगं, पुन्हा मी चालेन ना तुला?”

बाहेर बाई थांबल्या होत्या, पण नाना तिथंच उभे राहिले.