जिवंत पाण्याला दिलेली माती

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पाणआळीच्या चर्चमध्ये एका जिवंत माणसाच्या नावाने मृतांची मिस्सा सुरू झाली.

बाहेर माघाचे ऊन केळीच्या पानांवरून थेंबाथेंबाने उतरत होते. वसईच्या किनाऱ्यालगतची ती नारळछायेतली, मोगरगंधाची आळी खाऱ्या वाऱ्यात न्हात होती. आत मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या.

“आजची मिस्सा बस्त्याव जुजे तुस्कानो यांच्या आत्म्याला चिरशांती लाभावी म्हणून,” नव्याने बदलून आलेल्या फादरांनी वाचले.

बस्त्याव जुजे तुस्कानो तिसऱ्या बाकावर बसले होते. क्रूसाच्या खुणेसाठी कपाळाकडे निघालेला त्यांचा हात वाटेत थांबला. माना वळल्या. एका म्हातारीने शेजारणीला विचारले, “अगं, हा तर इथं बसलाय ना?”

“श्वास चाललाय का बघ आधी.”

सहाव्या बाकावर रेजिना बसली होती, बस्त्यावच्या धाकट्या भावाची बायको. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तिच्या चेहऱ्यावर वेदीवरच्या पांढऱ्या वस्त्रासारखी निर्मळ, निष्कंप, निर्दय शांतता होती.

बहारीनहून ती, तिचा नवरा दुमिंग आणि लेक सेरा परतून तीन आठवडे झाले होते. एकोणीस वर्षे दुमिंग समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात राबला. एकोणीस वर्षे रेजिनाने ते बेचव, यंत्रगाळीव, आठवणहीन पाणी प्यायले. आणि दर घोटामागे तिला घरचे बावखल आठवले.

बावखल म्हणजे वाडीतले गोडे तळे. दुमिंगच्या आजोबांनी ते स्वतःच्या हाताने खणले होते. काठावर भेंडीच्या झाडांची सावली, पाण्यावर कमळपानांची हिरवी वीण, दुपारी खंड्याची एक निळी रेघ. त्या पाण्याच्या ओलाव्याने विहिरी गोड राहत. त्या पाण्यावर केळी डवरत, पानवेली चढत, मोगरा पहाटेआधी फुलत. उरलेले आयुष्य मोगऱ्यावर काढायचे, असे दोघांनी परक्या वाळूत ठरवले होते. बावखल दोन्ही भावांच्या सामाईक वाट्याचे.

परतलेल्या दिवशी सामान ओट्यावर टाकून रेजिना अनवाणी मागे गेली. पुढे पाणी नव्हते. पुढे लालभडक, सपाट, रोलर फिरवलेली माती होती. चारी बाजूंना लोखंडी खांब, खांबांवर रंगीत दिवे. लग्नाचा लॉन.

“भावजी, बावखल कुठं गेलं?”

“डास व्हायचे गं,” बस्त्याव म्हणाले. “माती दिली त्याला.”

“माती मेलेल्याला देतात.”

“मग मेलं म्हण. तुम्ही तिकडं बाटलीतलं पाणी पिणारी माणसं, तुम्हांला काय फरक पडतो?”

“उघडा ते.”

“उघडायला ते काय कपाट आहे?”

त्या संध्याकाळी दुमिंगने विहिरीतून पहिला पोहरा काढला. ओंजळ तोंडाला लावली आणि तशीच खाली सोडली. पाणी मचूळ झाले होते. समुद्र गोडा करणारा माणूस स्वतःच्या विहिरीकाठी खारट ओठांनी उभा राहिला. सेराने विचारले, “पप्पा, काय झालं?” त्याने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

रेजिना रडली नाही. तिच्या आत काहीतरी थंड, धारदार, पाजळलेले होत गेले, विळ्याच्या पात्यासारखे. तीन आठवडे ती वाडीतली मोगऱ्याची रोपे सुकताना पाहत होती. एकेका पिवळ्या पानागणिक ते पाते एकेकदा पाजळत होते.

तुस्कानोंच्या घरात थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देतात. जुजेचा बस्त्याव, बस्त्यावचा जुजे, जुजेचा पुन्हा बस्त्याव. तेव्हा तळे खणणारे आजोबा आणि तळे बुजवणारे नातू, दोघांचे नाव अक्षराअक्षराने एक. शुक्रवारी चर्चच्या ऑफिसात तिने मृतांच्या मिस्सेसाठी ते नाव दिले.

“तुमचे कोण?” फादरांनी विचारले.

“माझ्या सासऱ्यांचे वडील. पाणी ठेवून गेले, फादर.”

एक अक्षर खोटे नव्हते. फादरांनी लिहून घेतले.

घरी दुमिंग म्हणाला, “रेजी, तो माझा भाऊ आहे.”

“आजोबाही तुमचेच.”

दुमिंगने तोंडावरून हात फिरवला. त्याच्याही ओठांवर ते मीठ होते.

मिस्सा पुढे सरकली. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली. सारे एकमेकांकडे वळून हात जोडू लागले. रेजिना उठली, तीन बाक ओलांडून गेली, दिरापुढे उभी राहिली आणि अतिशय नम्र, अतिशय स्पष्ट आवाजात म्हणाली,

“तुम्हांला शांती लाभो, भावजी.”

चर्चमध्ये कुणीतरी खोकले. बस्त्यावचे हात जोडले गेले.

दाराबाहेर पायऱ्यांवर आळीतले लोक त्यांना घेरून उभे राहिले. “तब्येत कशी आहे आता?” एकाने विचारले. “स्वर्गात ऊन लागतं का रे?” दुसऱ्याने. बस्त्याव गर्दी सारून रेजिनापाशी आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“ते नाव काढून घे.”

“आठ रविवारांच्या मिस्सा सांगितल्यात, भावजी.”

“आणि मी बावखल नाही उघडलं तर?”

“तर आजोबांना भरपूर शांती मिळेल.”

ती हसली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून ती उन्हात चालू लागली. मागे दुमिंग, मागे सेरा. तिघांच्या सावल्या लाल रस्त्यावर लांब, काळ्या, न वळणाऱ्या.

सोमवारी सकाळी नऊ वाजता लॉनच्या फाटकातून जेसीबी आत आला. त्यामागे दोन ट्रक आले. ट्रकांवर ताडपत्री बांधलेली होती. आत आणखी भरणीची माती आहे की उपसलेली माती नेण्यासाठी नुसते रिकामेपण, हे रेजिनाला कुंपणावरून दिसत नव्हते. बस्त्याव लॉनच्या मधोमध उभे होते, पाठमोरे, हात मागे बांधून. ड्रायव्हर त्यांच्या इशाऱ्याची वाट पाहत होता.

साडेदहा वाजले तेव्हा ऊन दिव्यांच्या काचांवर चढले होते. जेसीबीचा पंजा अजून इशाऱ्याविना मातीवर हातभर उंचीवर थांबला होता. खाली लाल, कोरडी, मुकी माती. वर लोखंडाचे पाच दात. मध्ये वाऱ्याची खारट रेघ.