दोन शतांश कमी

तंत्रशाळेत लेथवर लोखंड तासायला शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'पुन्हासर' म्हणत. हे नाव सरांनी स्वतःच कमावलं होतं. मुलांनी तासलेला तुकडा, म्हणजे जॉब, टेबलावर आणून ठेवला की सर तो मायक्रोमीटरनं मोजत, आणि माप चुकलेलं असलं की त्यावर खडूनं 'पुन्हा' लिहून टेबलाखालच्या खोक्यात टाकत. बरोबर असला तर काहीच न लिहिता उजवीकडे सरकवत. उजवीकडे सरकवणं हीच त्यांची शाबासकी. एकतीस वर्षं तेवढ्यावर भागलं होतं.

यंदा नव्या प्राचार्यबाई आल्या आणि त्यांनी छापील कागद वाटले. वर्गातल्या प्रत्येकाशी पाच मिनिटं वेगळं बोलायचं आणि दोन रकाने भरायचे: 'काय चांगलं जमतं' आणि 'काय सुधारायला हवं'. दुसरा रकाना सरांनी एका बैठकीत भरून टाकला. पहिल्यापाशी पेन अडलं.

"अहो, त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "चांगल्याला चांगलं म्हणायचं."

"म्हणायला कशाला हवं? माप बरोबर आलं की त्याचं त्याला दिसतंच."

"हो ना. मलाही रोज तुमचं रिकामं ताट दिसतं. पण तीस वर्षांत एकदा तोंडानं..." ती हसत आत गेली. सरांनी कागदात डोकं खुपसलं.

सतरा जणांना त्यांनी 'बरा आहे' आणि 'ठीक आहे' यांवर निभावून नेलं. अठरा नंबरला तेही लिहवेना.

अठरा नंबर म्हणजे कोपऱ्यातल्या लेथवरची मुलगी. कुणीतरी सोडून गेल्यामुळे तिला जागा मिळाली, म्हणून वर्ग सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी ती आली, आणि जे मशीन उरलं होतं ते तिच्या वाट्याला आलं. लोखंडी दांडा पन्नास मिलिमीटर व्यासाचा तासायचा. फार तर एक शतांश, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, कमीजास्त चालेल. बाकीच्यांना ते दुसऱ्या महिन्यात जमलं. हिचे अकरा जॉब खोक्यात गेले होते.

गुरुवारी तीच टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात जॉब नव्हता, कागद होता.

"सर, सही हवी होती."

"कशावर?"

"नाव काढून घेतेय. मामानं झेरॉक्सच्या दुकानात काम बघितलंय. सोमवारपासून या म्हणालेत."

सरांनी चष्मा पुसला. "का?" एवढंच ते म्हणाले.

"मला हात नाही, सर. अकरा वेळा 'पुन्हा' आलं. उगाच नाही सगळे पुन्हासर म्हणत." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनं जीभ चावली.

"उद्या देतो सही," सर म्हणाले आणि कागद खिशात ठेवला.

सुटी झाल्यावर सर वर्कशॉपमध्येच थांबले. निदान जाणाऱ्या पोरीचा रकाना तरी कोरा राहू नये, म्हणून त्यांनी खोकं ओढून अठरा नंबर कोरलेले जॉब शोधले, पुसले आणि टेबलावर ओळीनं मांडले. एकेक जॉब आला तसा मोजून ते 'कमी' म्हणत आले होते. ओळीनं कधी मांडले नव्हते. आता पहिल्यापासून मोजत गेले. दोन शतांश कमी. दोन कमी. एक तीन, पुढचा परत दोन. अकराव्यालाही दोनच.

सर स्टुलावर बसले. ज्याला हात नाही त्याचं माप कधी कमी येतं, कधी जास्त, काही धरबंदच नसतो. ही पोरगी दर वेळी एकाच बाजूला, जवळपास तेवढंच चुकत होती. आणि हे आपल्याला तीन महिन्यांत दिसलं नाही.

शुक्रवारी ते टेबलापाशी बसलेच नाहीत. स्टूल उचलून कोपऱ्यातल्या लेथपाशी गेले. सगळा वर्ग माना वळवून बघायला लागला.

"लाव जॉब," सर म्हणाले.

"सर, मी तर..."

"लाव ग."

तिनं दांडा बसवला. पहिले कट सरळ गेले. शेवटचा बारीक कट तिनं इतक्या सावकाश घेतला, की सरांनी मनात मान डोलावली. मग मशीन थांबवून तिनं तत्काळ मायक्रोमीटर लावला. "पन्नास बरोबर," ती म्हणाली. "बघा, इथं बरोबर असतं. तुमच्या टेबलावर गेलं की कमी होतं."

सरांनी दांड्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग मशीनच्या मागे वाकून बघितलं. जॉबवर थंड पाणी सोडणारी नळी कोरडी होती. पंप बंद. पंपाची तक्रार त्यांनीच मागच्या वर्षी लिहून दिली होती, आणि तेच विसरून गेले होते.

"तापलेलं लोखंड फुगतं," ते म्हणाले. "गरम असताना पन्नास आणलंस, तर निवल्यावर दोन शतांश कमी भरणारच. पहिल्या दिवशी सांगतो मी हे सगळ्यांना."

"मी पहिल्या दिवशी नव्हते, सर."

"हो. आणि मी..." सर अडखळले. "मी जॉब मोजत बसलो. तू काम कसं करतेस ते बघितलंच नाही. चूक माझी आहे. अकरा वेळा तेवढंच माप आणायला हात लागतो. तो तुला आहे. चांगला आहे."

तोंड फिरवून तिनं दुसरा दांडा बसवला. या वेळी शेवटच्या कटाआधी दोघं जॉब निवायची वाट बघत थांबली.

"झेरॉक्सच्या दुकानात पंखा आहे म्हणे," मध्येच ती म्हणाली.

"इथं नाही," सर म्हणाले.

शेवटचा कट झाला. परत वाट बघणं आलं. मग तिनं माप घेतलं, डोळे बारीक करून परत घेतलं, आणि मायक्रोमीटर सरांच्या हातात दिला. एक शतांश कमी. चालण्यासारखं.

"बरोबर," सर मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या मशीनवर कुणाचं तरी टूल हातातून पडलं.

"एकावरून काय ठरतं, सर? चुकून आलं असेल."

"खरंय."

"मग आणखी एक काढते." ती दांडा आणायला वळली आणि थांबली. "तो कागद राहू दे तुमच्याकडे. मामाला मी सांगते."

सरांनी त्या दुपारी पंपाची तक्रार नव्यानं लिहिली आणि स्वतः नेऊन दिली. अठरा नंबरच्या पहिल्या रकान्यात लिहिलं: 'हात स्थिर आहे. विचारते, हे त्याहून चांगलं.' मग उरलेले सतरा कागद परत पुढे ओढले आणि 'बरा आहे' खोडायला सुरुवात केली.

रविवारी बायकोनं धुतलेल्या शर्टाच्या खिशातून कागदाचा ओला गोळा काढला.

"हे काय होतं? महत्त्वाचं होतं का?"

"नव्हतं," सर म्हणाले. मग ताटाकडे बघत, घसा खाकरून म्हणाले, "आज छान झालंय हं."

"काय?"

सर गोंधळले. "म्हणजे... सगळंच."

"नीट बघून सांगा," बायको म्हणाली, आणि समोर येऊन बसली.