चार वाजायच्या आत ताजी आवृत्ती

चाचणी चार वाजता होती. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं, घरबसल्या. ठकी झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला कामासाठी विचारलं होतं. आणि दुपारी एक वाजता चाचणीच्या साईटनं मला दारातूनच परत पाठवलं : तुमचा ब्राउझर फार जुना आहे.

लॅपटॉप दादाचा. कुणालाही फुकट घेता येते ती खुली सिस्टीम त्यानंच पाच वर्षांपूर्वी त्यात घालून दिली होती. मी त्याला फोन लावला.

"अपडेट मार की," तो म्हणाला.

"येतच नाहीत. ही आवृत्ती त्यांनी केव्हाच बंद केलीय."

"मग माझ्या पेनड्राइव्हवरून पुन्हा घाल."

"त्यावरही हीच आहे, दादा. शिळंच पुन्हा गरम करून वाढू?"

तो हसला. "मग राहू दे यावेळी. पुढच्या महिन्यात येतो, नीट बसवून देतो."

पुढच्या महिन्यात ते काम दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं असणार. मी फोन ठेवला.

आधी ठकीला झोपवलं. फोनवर पंख्याची घरघर लावल्याशिवाय बाईसाहेब डोळा मिटत नाहीत, आणि आमच्या घरातलं इंटरनेट म्हणजेही तोच फोन. तिच्या उशाजवळून तो अलगद उचलला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला आणि वायरनं लॅपटॉपला जोडला.

सिस्टीम बनवणाऱ्यांच्या साईटवर दोन फाइली होत्या. मोठीत सगळं भरलेलं, पण ती तयार झाली त्या दिवशीचं. छोटीत नुसतं बसवण्यापुरतं. बाकीचं ती बसवता बसवता त्यांच्या भांडारातून आणते, आज जे असेल ते. मी छोटी घेतली. उतरल्यावर तिचा लांबलचक तपासणी-क्रमांक साईटवरच्या क्रमांकाशी एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवला. घाई होती म्हणूनच जुळवला. अर्धवट फाइल निघाली असती तर सगळं मुसळ केरात. मग दादाचा पेनड्राइव्ह पुसून त्यावर ती घातली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

'डिस्कवरचं सगळं जाईल. पुढे जायचं?'

ठकीचे फोटो फोनमध्ये आहेत ना, हे दोनदा पाहिलं. हो.

पट्टी सरकू लागली. भांडारातून आणायच्या बाराशे फाइलींपैकी चारशे झाल्या आणि आतून ठकीनं सूर लावला. सासूबाई तिला खांद्यावर टाकून आल्या.

"अगं, फोन दे तिचा. घरघर हवीय तिला."

"आई, आत्ता वायर काढली तर ना जुनं राहणार ना नवं."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "आणि इतकं नवंच कशाला लागतं गं? मी जुनी आहे, चालते ना घरात?"

"तुम्ही रोज नवीन काहीतरी ऐकवता, आई. हा पाच वर्षं गप्प आहे."

"टोमणे मारायला बरं सुचतं!" त्या म्हणाल्या. पण ठकीला थोपटत त्यांनी गाल फुगवले आणि चक्क सुरू केलं : "घर्रर्र... घर्रर्र..."

ठकी रडायची थांबली. आजीच्या ओठांना बोट लावून बघायला लागली. मला हसू फुटलं, पण वायर हलेल म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. नऊशेवर दादाचा फोन आला, कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. अकराशेवर पट्टी अडली. मी काही दाबलं नाही. हात मांडीखाली घालून बसले. चार मिनिटांनी ती आपणहून सरकली.

चाचणी सुरू व्हायला बारा मिनिटं उरली असताना लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. नवा ब्राउझर उघडला, साईटचा पत्ता टाइप केला. ती क्षणभर फिरत राहिली, आणि मग तिनं माझं नाव विचारलं.

"उघडली, आई!"

"मग आता आमच्याकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. ठकीनं माझ्याकडे दोन्ही हात पसरले. एरवी मी उठलेच असते. तिची इवलीशी मूठ हातात घेतली, तिच्यावर ओठ टेकले आणि सोडली. सासूबाईंनी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी हेडफोन कानावर चढवले. कुणीतरी खाकरलं आणि भरभर बोलू लागलं. माझी बोटं त्याच्या मागे धावली.