पायरीपायरीने उतरलेला भाव

श्यामकांत राजाध्यक्ष बोरीवलीला राहायचा आणि शेअरबाजारात तारावणीवाला म्हणून उभा राहायचा. कुणीही येऊन भाव विचारला की त्याने दोन आकडे सांगायचे, एक घेण्याचा, दुसरा विकण्याचा. मधले आठ आणे त्याची कमाई. एका कापडगिरणीच्या शेअरसाठी त्याने आणखी एक शिस्त घालून घेतली होती. भाव दोन रुपये उतरला की पंचवीस शेअर घ्यायचे, दोन रुपये चढला की पंचवीस विकायचे. भाव खालीवर होत राहायचा आणि प्रत्येक फेरीत थोडं हाती लागायचं. चार वर्षं घर त्यावर चाललं.

१९५६च्या नोव्हेंबरात भाव दोनशे चाळीसवरून उतरू लागला आणि वर आलाच नाही. श्यामकांत शिस्तीने घेत गेला. शुक्रवारी बाजार उठला तेव्हा भाव दोनशे आठ होता आणि त्याच्याकडे चारशे शेअर साचले होते, बरेचसे उसन्या पैशांवर. आठवडाभर एकच दलाल त्याला विकत होता. दर वेळी घासाघीस न करता त्याचाच भाव मान्य करत होता. हे त्याला तेव्हा खटकलं नाही.

रविवारी सकाळी त्याच्या बायकोचा, जयंतीचा, भाऊ अनंत आला. तो त्याच गिरणीच्या कचेरीत कारकून होता. चहा न घेताच त्याने सांगितलं की उद्या फाटकावर नोटीस लागणार, गिरणी बंद होतेय. मालकांच्या माणसांनी आपले शेअर आधीच काढून टाकलेत.

 ते शेअर त्या दलालाकडून आपणच घेतले, हे श्यामकांतला आता कळलं. जयंतीने विचारलं, किती बुडेल. त्याने हिशेब करून पाहिला आणि मध्येच सोडला. दोन-दोन रुपयांच्या या पायऱ्या खाली किती उतरायच्या, हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं.

दुपारी तो अंधेरीला चंद्रप्रकाशकडे गेला. चंद्रप्रकाशही तारावणीवाला, बाजारात त्याच्या शेजारीच उभा राहणारा आणि त्याच गिरणीच्या शेअरमध्ये तीच शिस्त पाळणारा. सुट्टीच्या दिवशी ते दोघे घरी बसून तोंडी सौदे करत आणि सोमवारी पाळत. वाटेत श्यामकांतने मनाशी पक्कं केलं होतं की काही बोलायचं नाही, माल द्यायचा आणि उठायचं. त्याचे तळहात ओले झाले होते.

ओसरीवर चंद्रप्रकाश शेंगा सोलत होता. श्यामकांतने भाव विचारला. त्याने मान वर न करता सांगितलं, "दोनशे सात, साडेसात. घेतोस की देतोस?"

"देतो."

"किती?"

"चारशे."

चंद्रप्रकाशने शेंग खाली ठेवली. एका सौद्यात एवढा मोठा आकडा त्याने कधी ऐकला नव्हता, तरी भाव दिला म्हणजे दिला. त्याने मान हलवली. "घेतले."

श्यामकांत उठला, ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि परत फिरला. तो पुन्हा खाली बसला.

"घेऊ नकोस," तो म्हणाला. "गिरणी बंद होतेय. अनंत सांगून गेला."

चंद्रप्रकाशने मांडीवरची टरफलं झटकली. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्याकडे सातशे आहेत रे."

सोमवारी बाजार उघडायच्या आधीच नोटिशीची बातमी सगळीकडे झाली होती. पहिला भाव एकशे नव्वद निघाला, तोही नावापुरता. त्या भावाला घ्यायला कुणी नव्हतं. तरी मिळेल त्या भावात श्यामकांत विकत राहिला. शेवटचे पंचवीस एकशे बासष्टला गेले. त्याने शेजारी पाहिलं. चंद्रप्रकाश हाताची घडी घालून उभा होता.

"विक," श्यामकांत म्हणाला.

"परत येतो रे भाव. चार वर्षं येतोय," चंद्रप्रकाश म्हणाला आणि त्याने आणखी पंचवीस घेतले.

महिन्याभरात भाव एकशे दहावर आला. चंद्रप्रकाशने अंधेरीचं घर विकलं आणि तो बायकोमुलांना घेऊन नाशिकला मेहुण्याकडे गेला. श्यामकांतची बोरीवलीची जागा, जिथे तो घर बांधणार होता, ती गेली. उसने पैसे मात्र फिटले.

जानेवारीत तो पुन्हा बाजारात उभा राहू लागला. आता तीन पायऱ्या झाल्या की तो घेणं थांबवायचा, मग भाव कितीही स्वस्त वाटो. आणि कुणी घासाघीस न करता "दिले" म्हणालं, की त्याचे तळहात ओले व्हायचे.